ऑगस्टचा खुलासा

बँकेचं पत्र आलं आहे.
खाली नव्या साहेबांची सही, मोहरीच्या दाण्याएवढी.
'गतवर्षीच्या ऑगस्टशी तुलना करता
विक्रीत एकसष्ट टक्के घट. सात दिवसांत खुलासा करावा.'

मी तायशेटे रिटेलची हिशेबनीस.
दुकानं तीन: देवगड, जामसंडे, तळेबाजार.
कापड, भांडी, छत्र्या, मखराचं सामान,
आणि भाऊंना विक्रेत्याला नाही म्हणवत नाही
म्हणून साठलेलं काहीबाही.

खुलासा एका शब्दाचा आहे, साहेब.
धोंडा.

यंदा श्रावण दोनदा आला.
गेल्या साली एकतीस ऑगस्टला बसलेला गणपती
एकोणीस सप्टेंबरवर जाऊन बसला.
नारळी पुनव अकराची तिसावर गेली.
होड्या झावळ्यांखालीच राहिल्या आणि
होडीवाल्यांच्या बायका दुकानासमोरून
आत न बघता गेल्या.
गिऱ्हाईक कुठे पळालेलं नाही.
ते अजून डोंबिवलीत आहे,
रजेच्या अर्जावर सही व्हायची वाट बघत.

तुमचा आलेख इंग्रजी महिने मोजतो.
आमचा गल्ला तिथी मोजतो.

तरी धोंड्याने अगदीच हात हलवत पाठवलं नाही.
जावयांच्या नावाने एकशे बारा ताम्हनं गेली,
बत्तासे तेहतीस-तेहतीसच्या पुड्यांत.
एवढ्यावर तीन दुकानांचं वीजबिल निघतं.
पगार नाही निघत.

जुलै तर तुम्हाला दाखवूच नये असा महिना.
दुकानात पंखा आणि दीपा कुबल, दोघंच हलतात.
चादरींना वास धरतो. आम्ही त्या उलगडतो,
पुन्हा घडी घालतो, घडीची बाजू बदलतो.
याला ताळेबंदात रकाना नाही.
वर्षाचा नफा अकरा दिवसांत होतो, साहेब,
उरलेले दिवस त्याला बुरशी लागू नये म्हणून असतात.

आणि पैसा? तो त्या अकरा दिवसांत येत नाही.
भाद्रपदात माल जातो, वैशाखात पैसे येतात,
वाशीच्या दलालाने आंब्याची पट्टी पाठवली की.
मधल्या आठ महिन्यांना तुम्ही म्हणता येणे बाकी.
आमच्याकडे त्याचं नाव
'देतंय गे बाये, पट्टी येवंदे.'
आणि देतात. बहुतेक देतात.
सावळाराम मिठबावकर वारले,
त्यांच्या सुनेने तेराव्यानंतर येऊन
दोन टोपांचे पैसे मोजले, सुटे.

इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं.

कारण मी आकडे दुसऱ्या रीतीनेही मांडून पाहिले होते.
तारखेला तारीख न लावता
चतुर्थीच्या आधीचे वीस दिवस घेतले,
त्यांच्या आधीचे वीस,
मागच्या धोंड्याचं सालही काढलं, पोटमाळ्यावरच्या वह्यांतून.
एकसष्टातले चौपन्न धोंड्याचे.
सात उरतात.
हे सात कुठल्याच पंचांगात नाहीत.

चारच्या सुमारास समोर पार्सलचा टेम्पो थांबतो.
पोरगा नावं वाचतो, गाव ऐकतं.
काल त्याने दीपाचं नाव वाचलं.
ती काउंटरमागून उठली, सही केली,
पिशवी मापाच्या टेबलाखाली सरकवली
आणि माझ्याकडे न बघता
आपल्याच साड्यांच्या घड्या नीट करत बसली.
मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं,
'दोनशे रुपयांनी कमी पडली, ताई.'
तिचा पगार मीच लिहिते.
दोनशे म्हणजे काय ते मला कळतं.

आज सात सप्टेंबर. भाऊ आतून ओरडतायत,
माळांचे खोके आलेत, अर्धे उलटे ठेवलेत.
मी पंचांगाचं पान फाडलं नाही, झेरॉक्स काढली,
अधिक श्रावणाखाली पेन्सिलने रेघ मारली
आणि पत्राला टाचली.
खाली लिहिलं:
चौपन्न टक्क्यांचा खुलासा सोबत जोडला आहे.
सात टक्क्यांसाठी
मुदत वाढवून मिळावी, ही विनंती.